दाराच्या खाचेतलं लाटणं

मी एक लाटणं. हसलात ना? हसा, मला सवय आहे. लाटणं म्हटलं की लोकांना पोळी आठवत नाही. पदर खोचलेली बायको, दाराआड दडलेला नवरा आणि त्याच्या टकलावरचं टेंगूळ आठवतं. खरं सांगायचं तर आजवर एकाही टकलाशी माझा संबंध आलेला नाही. मी आयुष्यात पोळ्या सोडून एकच काम केलं. आडवी पडले. तेवढ्याचीच ही हकिगत.

व्याकरणात मला 'ते' म्हणतात. पण जन्म सगळा बायकांच्या तळहातांत गेला, तेव्हा मी बोलणार ती बाईसारखीच. चालवून घ्या.

जन्म साताऱ्याचा, एकोणीसशे ऐंशीच्या दशकातला. तिथल्या एका कातार्‍यानं शिसवाचा तुकडा चक्रावर धरून मला गोल केलं, दोन्ही टोकं निमुळती केली आणि इतर लाटण्यांबरोबर दोरीनं बांधून ठेवलं. सुनेत्राची आई दुकानात आली तेव्हा तिनं एकेक लाटणं फरशीवर घरंगळवून पाहिलं. जे वाकडं वळलं ते परत. मी सरळ गेले. "हे द्या," ती म्हणाली, "लेकीला अमेरिकेत न्यायचंय. तिथं बदलून मिळणार नाही."

लग्नात मला रुखवतात मांडलं होतं. सुनेत्राच्या मावसबहिणीनं माझ्या पोटाला लाल रिबीन बांधली आणि चिठ्ठी लावली, 'जावईबापू, जपून!' मांडवात जो तो वाचून हसला. जावईबापूही हसले. श्रीरंग त्यांचं नाव. अ‍ॅरिझोनात चँडलर नावाच्या गावी कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणार्‍या कंपनीत इंजिनिअर. सुनेत्रापेक्षा बरेच मोठे, पण तब्येत राखलेली, बोलणं गोड. म्हातार्‍याकोतार्‍यांना वाकून नमस्कार. सुनेत्राचे वडील दोनदा म्हणाले, "मुलगा अगदी आपल्यातलाच राहिलाय हो!"

न्यूयॉर्कच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं बॅग उघडली, मसाल्याच्या पुड्या हुंगल्या आणि मला उचलून सुनेत्राला डोळा मारला. "फॉर युवर हजबंड?" म्हणजे हा विनोद सातासमुद्रापारही आमच्या आधी पोचला होता! सुनेत्रा कसनुशी हसली. ती तशी भिडस्त. कुणी विनोद केला की हसणं हे तिला बसमधल्या म्हातार्‍यांना जागा देण्यासारखं वाटायचं.

चँडलरचं घर भाड्याचं, जुनं, बैठं. समोर वाळूसारखी माती, मागे संत्र्याचं झाड, छपरावर दिवसभर घरघरणारा कूलर. मागच्या पडवीला आधीच्या मालकानं भिंती घालून एक खोली केली होती. पडवीचं काचेचं सरकतं दार मात्र त्यानं तसंच ठेवलं होतं. त्यामुळे घर आणि ती खोली यांच्यामध्ये एक मोठी काच आणि खाली पत्र्याची खाच. त्या खोलीत सुनेत्राचं शिवणाचं मशीन ठेवलं होतं. त्या खाचेत माझं काय काम असणार, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते.

पहिले काही आठवडे मी खुशीत होते. श्रीरंगना तव्यावरचा फुलका थेट ताटात लागायचा. तिथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, सुनेत्राच्या पोळ्यांचा डबा आधी रिकामा व्हायचा. मंडळात नागपूरची माणसं, मुंबईची माणसं, सोलापूरची माणसं. सगळे एकमेकांच्या आमटीला नावं ठेवत ती ओरपायचे. आणि श्रीरंग खुर्च्या मांडायचे, चहा गाळायचे, म्हातार्‍या काकांना कोट चढवायला मदत करायचे. बायका सुनेत्राला म्हणायच्या, "लकी आहेस हं! आमच्याकडे कपसुद्धा उचलत नाहीत."

सुनेत्रा हसायची. तसंच.

माणसांचे चेहरे मला वाचता येत नाहीत. मला तळहात कळतात. हात ऊन आहे की गार, मन लावून लाटतोय की उरकतोय, बोटांत कंप आहे का, हे मला कणकेच्या आधी समजतं. एका सकाळी सुनेत्राचा उजवा हात माझ्यावर नीट टेकेचना. मनगट वळत नव्हतं. ती डाव्या हातानं रेटत होती आणि पोळी एका बाजूला जाड होत होती. तिनं हातात नेहमीच्या दोन बांगड्यांऐवजी लग्नातला अख्खा चुडा चढवला होता. कोपरापर्यंत.

"आज पोळ्या जाड झाल्यात," श्रीरंग टेबलावरून म्हणाले. रागानं नाही हं. अगदी सहज.

"हो," ती म्हणाली.

असं पुढे वरचेवर होऊ लागलं. मी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधली. पलीकडच्या खोलीतलं मला दिसत नाही. पण घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या. "नको" हा शब्द मला ऐकू यायचा. आधी मोठ्यानं, मग हळू, मग नाहीच. आणि श्रीरंगचं बोलणं, कंपनीत बोलतात तसं समजुतीचं, "अगं, असं काय करतेस? मी परका आहे का?"

परके नव्हते ना. तिथंच तर सगळं अडलं होतं, पण ते नंतर.

त्या वर्षीच्या संक्रांतीला शरयूकाकूंकडे गुळाच्या पोळ्या करायचं ठरलं. शरयूकाकू म्हणजे मंडळाच्या आईच. मोहनकाका कॉलेजात शिकवायचे, घर मोठं, मन त्याहून मोठं. ज्या मुलीला इथं कुणी नाही, तिचं माहेर काकूंकडे, असा मंडळात अलिखित नियम. काकूंनी सगळ्यांना फोन केले, "आपापलं लाटणं घेऊन या गं, माझ्याकडे दोनच आहेत." म्हणून मी गेले. ओट्यावर आम्ही सगळ्या एका रांगेत. एक पितळी होती, तिला फार शिष्टपणा.

तिळगूळ झाला, हळदीकुंकू झालं आणि मग बायका नव्या नवरीच्या मागे लागल्या. "सुनेत्रा, नाव घे! उखाणा, उखाणा!"

"मला येत नाही."

"असं कसं येत नाही? ह्यांचं नाव तर येतं ना?"

हास्याचा फवारा. सुनेत्रा तिळाच्या ताटाकडे बघत राहिली. एरवी सगळे विनोद पचवणारी ही मुलगी, त्या दिवशी तिला दोन ओळी जुळवता आल्या नाहीत. शेवटी काकूंनीच सोडवलं. "लाजतेय पोर. चल गं, मला पोळ्या लाटायला मदत कर."

स्वयंपाकघरात दोघीच उरल्या. सुनेत्रानं मला हातात घेतलं होतं, पण लाटत नव्हती. तिचे तळवे गार पडले होते.

"काकू, एक सांगू? हे... माझं ऐकत नाहीत."

"अगं, पुरुष कुठे ऐकतात! तुझे काका तीस वर्षांत ओला टॉवेल दांडीवर टाकायला शिकले नाहीत."

"तसं नाही. मी नको म्हणते. तरी."

काकूंचा हात पिठात थांबला. क्षणभर मला वाटलं, समजलं यांना. समजलंच होतं. पण समजणं आणि ऐकणं यात अंतर असतं. काकू हलकेच म्हणाल्या, "नवीन आहेस. होतं सुरुवातीला. एक मूल होऊ दे, मग बघ, तो आपोआप निवळेल." आणि पोळीची कड दाबून बंद केली. गुळाच्या पोळीत हीच कला असते. आतलं बाहेर येता कामा नये.

उन्हाळा आला. शेजारी डोलोरेस नावाची बाई राहायची. आजोबांच्या काळापासून तिथलीच. घरी स्पॅनिश बोलायची, शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी. तिची आणि सुनेत्राची ओळख माझ्यामुळे झाली. मला धुऊन मागच्या ओट्यावर वाळत ठेवलं होतं, तर ती कुंपणावरून ओरडली, "हे तर माझ्याकडे पण आहे!" आणि आपलं आणून दाखवलं. माझ्यासारखंच, फक्त टोकं निमुळती नसलेलं. त्यावर ती टॉर्टिया लाटायची, म्हणजे मैद्याची पोळीच. मग कुंपणावरून देवाणघेवाण सुरू झाली. इकडून पोळी, तिकडून टॉर्टिया. दोघी एकमेकींच्या पोळीला मनातल्या मनात नावं ठेवायच्या आणि खायच्या.

एकदा पोळ्या देताना बांगड्या कोपराकडे सरकल्या. डोलोरेसनं काळंनिळं मनगट पाहिलं. दुसर्‍या दिवशी ती झाडूच्या दांड्याचा एक तुकडा घेऊन आली.

"माझ्या मागच्या दाराच्या खाचेत मी अशी काठी घालते. चोरांसाठी. सरकतं दार बाहेरून कितीही ओढा, काठी आडवी असली की सरकत नाही. हा तुकडा उरला होता."

"आमच्याकडे चोर येत नाहीत," सुनेत्रा म्हणाली.

"बरं," डोलोरेस म्हणाली. "तरी असू दे."

सुनेत्रानं तो तुकडा मशीनच्या खोलीत नेऊन खाचेत ठेवून पाहिला. निम्म्याच्या थोडा पुढे आला. उरलेली जागा तिनं वितीनं मोजली, स्वयंपाकघरात आली, ड्रॉवर उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. नवरी पाहावी तसं.

एका रविवारी दुपारी ती वेळ आली. मंडळाची पिकनिक झाली होती, श्रीरंगनी तिथे सगळ्यांना कलिंगड कापून दिलं होतं. घरी आल्यावर सुनेत्रा "मला बरं नाहीये" म्हणाली. मग "नको" म्हणाली. मग पळालीच. वाटेत मला उचललं, पडवीच्या खोलीत शिरली, दार ओढलं आणि आम्हा दोघांना खाचेत घातलं. झाडूचा दांडा पुढे, मी मागे, डोक्याला डोकं लावून.

श्रीरंगनी दार ओढलं. आम्ही हललो नाही. पुन्हा ओढलं. काचेपलीकडून ते तिला दिसत होते आणि त्यांना ती. ते आधी हसले. "हे काय नाटक? ओपन द डोअर." मग ओढतच राहिले. प्रत्येक झटक्याला दाराची लोखंडी कड माझ्या टोकात रुतायची. माझा शिसवी जीव. दुखलं नाही असं कसं म्हणू? पण सुनेत्रा खाली बसून दोन्ही तळहात माझ्यावर दाबून होती आणि ते तळहात मला सांगत होते, हलू नकोस.

काच फोडता आली असती. पण काच फुटली की आवाज, आणि आवाज झाला की लोक. श्रीरंगना लोकांची फार काळजी. शेवटी ते काचेला तोंड लावून हळू म्हणाले, "कधीतरी बाहेर येशीलच ना?"

त्या खोलीत कूलरचा वारा नव्हता. बाहेर ऊन असं की डांबर मऊ पडावं. सुनेत्राच्या हातांचा घाम माझ्या लाकडात मुरला. संध्याकाळी श्रीरंग कुणाला तरी विमानतळावर सोडायला गेले, शब्द दिला होता म्हणून, तेव्हा ती बाहेर आली.

आणि तशीच निघाली. खांद्याच्या पिशवीत दोन साड्या, मी, आणि का कोण जाणे, झाडूचा दांडा. पासपोर्ट श्रीरंगच्या ऑफिसातल्या कपाटात होता. कुठे जायचं? माहेर साताऱ्याला, आणि इथलं माहेर शरयूकाकूंकडे. डोलोरेसनं तिला गाडीनं तिथे सोडलं.

काकूंनी तिला जवळ घेतलं. डोकं चेपलं, मऊ भात केला, वर तुपाची धार. सुनेत्रानं सगळं सांगितलं. मनगटही दाखवलं. काकू रडल्या, अगदी मनापासून. मी पिशवीत होते, मला वाटलं, आता सुटलो.

दुसर्‍या दिवशी काकूंनी श्रीरंगना फोन केला. मोहनकाकांनी त्यांना दिवाणखान्यात बसवून बापासारखं समजावलं. श्रीरंग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं काका. कामाचं टेन्शन असतं. काळजी घेईन." मग काकूंनी सुनेत्राला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, नवी साडी दिली आणि तिची ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर नारळ. "लेक माहेरी आली की अशीच पाठवायची असते," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "भरल्या ओटीनं."

काकूंना वाटलं, त्या तिला आईचा सन्मान देताहेत. मला वाटतं, दुनियेत इतक्या प्रेमानं कुणी कुणाला आगीत परत पाठवलं नसेल.

श्रीरंगनी तिला गाडीत बसवलं. घरी पोचल्यावर त्यांनी पडवीच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्या पिशवीतून मला काढलं, झाडूचा दांडा काढला आणि दोघांना गॅरेजमध्ये फेकलं. त्या रात्रीचं मला काही सांगता येत नाही. मी गॅरेजमध्ये होते. सुनेत्रालाही ते कुणी कधी विचारू नये.

सकाळी श्रीरंग कामावर गेल्यावर ती गॅरेजमध्ये आली. हात बर्फासारखे. ओटीतला नारळ तिनं ओट्यावर तसाच ठेवला होता. मला आणि दांड्याला पिशवीत घातलं आणि ह्या वेळी माहेरी गेली नाही. डोलोरेसच्या दारात उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे चोर येतो."

डोलोरेसनं तिला अशा घरी नेलं जिथे मारहाणीतून सुटून आलेल्या बायका राहतात. तिथून एका वकीलबाईकडे. मिस हॅन्ली. केस पांढरे, नाकावर चष्मा, टेबलावर गार झालेली कॉफी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "मग तुम्ही काय केलंत?" विचारलं नाही. मग म्हणाल्या, "मनगट मुरगाळलं, त्याबद्दल तक्रार करता येईल. तो हल्ला आहे. घटस्फोट घेता येईल. त्यांना तुमच्यापासून लांब राहायचा हुकूम मिळवता येईल."

"आणि ते दुसरं?"

मिस हॅन्लींनी चष्मा काढला. "ते दुसरं परक्या माणसानं केलं असतं, तर त्याला वर्षानुवर्षं तुरुंगात घालता आलं असतं. पण आमच्या राज्याच्या कायद्यात त्या गुन्ह्याची व्याख्याच अशी आहे की जिच्यावर झाला ती त्याची बायको नसावी. काही राज्यांनी हे बदललंय. आमच्याकडे नाही. अजून."

सुनेत्रानं बांगड्या मागे सारून मनगट पाहिलं. मग तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे मनगट माझं, आणि बाकीची मी त्यांची?"

वकीलबाई उठल्या. त्यांनी तिला नवी कॉफी आणून दिली, हे मला आवडलं.

पुढे हुकूम मिळाला, घटस्फोटाचा अर्ज गेला. मंडळात बातमी पसरली. "अ‍ॅडजस्ट करायला नको आजकालच्या मुलींना." "श्रीरंगसारखा सज्जन माणूस!" "दुसरं कुणीतरी असेल तिचं." हे सगळं सुनेत्रापर्यंत पोचायचं, कारण मंडळात बातम्या पोचवणारी खातीसुद्धा आपोआप नेमली जातात.

मग थंडीत मिस हॅन्लींचा फोन आला. कायदा बदलायचा मसुदा पुढे आला होता. बायकांच्या संघटनांनी एका सभागृहात बैठक ठेवली होती, दोन आमदार ऐकायला येणार होते. "ज्यांच्यावर बेतलंय त्यांनी बोललं तर फरक पडेल. पण नाव सांगावं लागेल. पेपरात येईल. मी आग्रह करणार नाही."

सुनेत्राला उखाण्यात नाव घेता आलं नव्हतं. आता चारचौघांत, परक्या भाषेत, अशा गोष्टीबद्दल बोलायचं? साताऱ्याला आई-वडिलांना कळणार. मंडळाची दारं कायमची बंद होणार. "कळवते," ती म्हणाली. फोन ठेवून कणीक भिजवली आणि त्या घरातल्या सगळ्या बायका-पोरांना पुरून उरतील इतक्या पोळ्या लाटल्या. माझं टोक चेपलं होतं, त्यामुळे प्रत्येक पोळीच्या कडेला एक रेघ उमटत होती. ती एका रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग उठून फोन लावला.

सभागृहात ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. माझ्यावर तिची मूठ. तेवढ्यात मागून सेंटच्या वासाबरोबर हळदीकुंकवाचा वास आला. शरयूकाकू. मोहनकाका नव्हते. काकूंनी स्वेटरच्या खिशातून पुडी काढली. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती, म्हणजे तिळगुळाचे दिवस अजून होते.

"तू येणार असं डोलोरेसनं सांगितलं," काकू म्हणाल्या. "तुझा पत्ता विचारायला गेले होते. तुमच्या जुन्या घरी आधी गेले. श्रीरंगच्या ओट्यावर माझा नारळ तसाच होता गं. सुकून गेला होता."

काकूंनी तिच्या तळहातावर तिळगुळाची वडी ठेवली. "घे. आज गोड नाही बोललीस तरी चालेल."

नाव पुकारलं गेलं. सुनेत्रा पुढे गेली, टेबलापाशी उभी राहिली आणि तिनं मला पिशवीतून बाहेर काढलं.

झालं! मागच्या रांगेतून एक पुरुषी आवाज आला, "सांभाळा, बाई हत्यारबंद आहे!" सभागृह हसलं. एक आमदारही हसले. साताऱ्याचा मांडव, न्यूयॉर्कचं विमानतळ आणि हे सभागृह, सगळीकडे तेच हसू. मला शिसवी असूनही लाजेनं पांढरं व्हावंसं वाटलं.

सुनेत्रा मात्र ह्या वेळी हसली नाही. थांबली. हसू आपोआप ओसरेपर्यंत थांबली.

"आमच्याकडेही हसतात," ती म्हणाली. "पण हे मी कधी उगारलं नाही. मी ते असं ठेवलं." आणि तिनं मला टेबलावर आडवं ठेवलं. शेजारी झाडूचा दांडा. डोक्याला डोकं.

तिनं दाराचं सांगितलं. खाचेचं सांगितलं. माझं चेपलेलं टोक त्यांच्याकडे वळवलं. "ही खूण माझ्या नवर्‍यानं दार ओढल्याची आहे. त्यांचं नाव श्रीरंग." नाव तिनं नीट उच्चारलं.

हसलेले आमदार आता चुळबुळत होते. "मॅडम, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. पण नवराबायकोच्या खोलीत कायद्यानं कसं शिरायचं?"

"मी कायद्याला खोलीत बोलावलेलंच नाही, सर. मी खोलीतून बाहेर पडून तुमच्याकडे आले आहे."

कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि वातावरण बघून खाली घेतले. सुनेत्रा पुढे म्हणाली, "शेजारणीनं ही काठी मला चोरांसाठी दिली. चोराला थांबवलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला शाबासकी दिली असती. ह्या दोन काठ्यांना एवढंच कळलं की आत एक बाई आहे आणि तिला दार बंद हवंय. बाहेर चोर आहे की नवरा, हे त्यांनी विचारलं नाही. कायद्यानंही विचारू नये. माझं तेवढंच म्हणणं आहे."

ती खाली बसली. मागे शरयूकाकू पदरानं नाक पुसत होत्या आणि त्या विनोदवीराकडे अशा बघत होत्या, की मला त्याच्या टकलाची काळजी वाटली. आयुष्यात पहिल्यांदाच.

बैठक संपल्यावर काकूंनी मला हातात घेतलं, अंगठ्यानं चेपलेलं टोक चाचपलं. "बाई गं," एवढंच म्हणाल्या. मग सुनेत्राकडे वळल्या. "चल घरी. जेवायला. ह्या वेळी कुणाला फोन करणार नाही, कुठे पोचवणार नाही. तुला हवं तेव्हा तू जाशील."

सुनेत्रानं मला काकूंच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवलं. मग म्हणाली, "डोलोरेसला पण बोलवा."

त्याच वर्षी कायदा बदलला. डोलोरेसनं बातमी सांगितली तेव्हा सुनेत्रा पोळ्याच करत होती. तिनं आनंदानं मिस हॅन्लींना फोन लावला. पलीकडून जे ऐकलं त्यानं तिचा हात माझ्यावर सैल पडला. नवर्‍यानं केलं तरी तो आता गुन्हा होता. पण वेगळ्या कलमात, हलक्या शिक्षेचा. परक्यानं केलं तर मोठा, घरच्यानं केलं तर लहान. जखम मोजायची ती बाईच्या अंगावर नाही, माणसाच्या नात्यावर.

"एका बाजूनं भाजलेली पोळी," सुनेत्रा फोन ठेवून म्हणाली.

"म्हणजे उलटायची बाकी आहे," शरयूकाकू म्हणाल्या. त्या हल्ली महिन्यातून एकदा तरी येतात आणि बायकांच्या संघटनेची पाकिटं चिकटवून होईपर्यंत उठत नाहीत.

आता सुनेत्रा चँडलरशेजारच्या टेंपीत एका छोट्या अपार्टमेंटमध्ये राहते, लायब्ररीत काम करते. श्रीरंग अजून मंडळात खुर्च्या मांडतात आणि काही जणी अजून त्यांना सज्जन म्हणतात. मी ओट्याशेजारच्या ड्रॉवरमध्ये असते. झाडूचा दांडा दाराच्या मागे. माझ्या चेपलेल्या टोकामुळे पोळीवर रेघ अजून उमटते. सुनेत्रानं नवीन लाटणं आणलं नाही. साताऱ्याहून आईनं पाठवायचं विचारलं, तर म्हणाली, "नको, हे सरळ चालतं."

माझं मागणं मोठं नाही. मी लाकूड आहे. जमेल तितकं दार मी धरलं, आणि वेळ आली तर पुन्हा धरीन. पण ते माझं काम नव्हे. ज्यांचं काम आहे, त्यांनी ते करावं, आणि बाहेर कोण उभा आहे हे न विचारता करावं. मला पिठात राहू द्या. सुनेत्राचे हात आता ऊन असतात. एवढ्यात कणीक मळून झाली, तिनं माझ्याकडे हात लांबवलाय. येते मी.